पिवळी प्रत, क्रमांक २१३

१

दोनशे चौदाच्या खाली थेट दोनशे बारा होता.

"चिकटला असेल कशाला तरी," ब्रदर म्हणाले. "पातळ कागद तो."

मी फाइलीतले सगळे पिवळे कागद, वरच्या दोनशे चाळीसपासून तळाच्या एकपर्यंत, एकेक करून उलटले. दोनशे तेरा नव्हता. नऊ वाजून सात मिनिटं झाली होती आणि तीन वाजता माझ्या ताईची चौकशी होती.

नर्सेस युनियनची खोली जिन्याखाली आहे. पूर्वी तिथे चादरी ठेवायचे. उंच माणसाला मान तिरकी करूनच बसावं लागतं, त्यामुळे ब्रदर कायम काहीतरी शंका असल्यासारखे दिसतात. पुरुष नर्सला इथे ब्रदर म्हणतात. ते युनियनचे सेक्रेटरी, नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये. मी नर्स नाही. दोन मजले वर लॅबमध्ये रक्ताच्या पेशी मोजते. पण ताई याच हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची नर्स आहे, आणि दहा दिवसांपासून तिला घरी बसवलंय.

झालं होतं ते असं. दुपारपाळीत चौतीस पेशंट आणि चारऐवजी दोनच नर्सेस. जोडीदारीण एका पेशंटला एक्स-रेला घेऊन गेली होती, कारण ढकलायला दुसरं कोणी नव्हतं. ताई एकाला रक्त चढवत होती. पहिली पंधरा मिनिटं तिथून हलता येत नाही. साडेपाचला चार नंबरच्या खाटेवरचे आजोबा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटल म्हणतं, निष्काळजीपणा. ताई म्हणते, मी दोन वाजून दहा मिनिटांनीच लिहून दिलं होतं.

त्या लिहून देण्याला इथे हरकतपत्र म्हणतात. माणसं कमी म्हणून नर्सला काम नाकारता येत नाही. पेशंट कोणाच्या भरवशावर टाकणार? मग ड्यूटीवर येताच ती एक फॉर्म भरते: काम करते आहे, पण एवढ्या माणसांत ते धोक्याचं आहे, आणि हे मी आधीच सांगते आहे. एकदा लिहिलं की खाली दोन प्रती आपोआप उमटतात. पांढरी मेट्रनकडे, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांकडे जाते, पिवळी युनियनच्या फाइलीत, गुलाबी स्वतःजवळ राहते.

मेट्रनच्या म्हणण्याप्रमाणे पांढरी त्यांना मिळालीच नव्हती. गुलाबी ताईच्या युनिफॉर्मच्या खिशात राहिली आणि युनिफॉर्म धुलाईला गेला. उरली होती पिवळी.

"काल चार वाजता होती," ब्रदर म्हणाले. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, टॅग बांधला, कपाट लावलं."

"किल्ल्या किती आहेत?"

"तीन. माझी, अक्कांची, आणि एक मेट्रनच्या ऑफिसात बोर्डावर. खोली हॉस्पिटलची, म्हणून." त्यांनी कपाटाची कडी हलवून बघितली. "कुलूप फोडलेलं नाही."

तेवढ्यात अक्का आल्या, हातात नोटिसांची चळत. अक्का म्हणजे युनियनच्या अध्यक्ष. त्यांना त्यांच्या घरचे सोडून कोणी नावाने हाक मारत असेल असं वाटत नाही. आज पाच वाजता त्या आणि मोठे साहेब, म्हणजे हॉस्पिटलचे अधीक्षक, एका करारावर सह्या करणार होते. दुपारपाळीला प्रत्येक वॉर्डात चार नर्सेस, लेखी. अकरा वर्षं त्या याच एका वाक्यामागे होत्या.

"दोनशे तेरा नाहीये, अक्का," ब्रदर म्हणाले.

"नीट बघा, इथेच कुठेतरी असेल." त्या नोटिसा वॉर्डांप्रमाणे वाटून ठेवायला लागल्या, पाच उभ्या, त्यावर पाच आडव्या, पुन्हा पाच उभ्या. "आणि नाही मिळाली तरी मी आत जाऊन बोलणार आहेच की. तू काळजी करू नकोस, पोरी."

ताईच्या बाबतीत मला कोणी काळजी करू नकोस म्हटलं की मी आणखी बारकाईने बघायला लागते. मी फाइल काखेत मारली.

"ती कुठे नेतेस?" अक्कांनी विचारलं.

"वर. चांगल्या उजेडात बघते."

पुढचा गठ्ठा त्यांनी दोनदा मोजला.

२

सस्पेंड केलेल्या माणसाला वॉर्डात जाता येत नाही, पण बाह्यरुग्ण विभागाबाहेरच्या बाकावर कोणीही बसू शकतं. ताई तिथे बसली होती, आणि बसल्या बसल्या शेजारच्या एका बाईला औषधाची चिठ्ठी समजावून सांगत होती.

"घरी बसवलंय तुला," मी म्हटलं.

"मग? इथे बाकावर बसलेय. बस शब्द दोन्हीकडे आहे." ती हसली, पण ओठांपुरतंच. "मिळाली?"

"नाही."

ती जराशी मागे टेकली. मग पर्समधून एक छोटी डबी काढून तिने मला दाखवली. आत गुलाबी लगद्याची सुपारीएवढी गोळी होती.

"धुलाईवाल्याने दिली. म्हणाला, सिस्टर, तुमच्या खिशात प्रेमपत्र होतं का?"

"ताई, हसू नकोस."

"मग काय करू, भिंग?" लहानपणी मी मुंग्यांचे पाय मोजायचे तेव्हापासून मी भिंग आहे. "हे वाच. आणि वाचून ओरडू नकोस."

आज सकाळी आठ वाजता शिपायाने घरी आणून दिलेलं पत्र होतं ते. मी पहिल्या ओळी सोडून थेट खाली गेले. निष्कर्ष नेहमी खाली असतो. 'दोष सिद्ध झाल्यास नर्स म्हणून असलेली नोंदणी रद्द करण्याची शिफारस नोंदणी मंडळाकडे करण्यात येईल.'

ही नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. नोंदणी गेली की ती कुठल्याच हॉस्पिटलात नर्स उरत नाही. सतरा वर्षं.

"हे अक्कांना दाखवलंस?"

"नाही, आणि तूही सांगायचं नाही." तिने पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. "पाच वाजता सह्या आहेत. अकरा वर्षं त्या बाईने त्यासाठी जिने झिजवलेत. आज त्यांच्या डोक्यात माझं खूळ नको."

"तुझी नोंदणी म्हणजे खूळ?"

"आज दुपारीसुद्धा त्या वॉर्डात दोघीच आहेत," ती म्हणाली. "चौतीसला दोघी. आज कोणी पडलं नाही तर ते नशीब."

मी उठले. पत्राचा फोटो तिने घेऊ दिला नाही, पण मला तो नको होता. वाक्य पाठ झालं होतं.

३

मेट्रनच्या टेबलावर एकही कागद तिरका नव्हता. दारामागे किल्ल्यांचा बोर्ड, शेजारी दोरीला बांधलेली वही. किल्ली नेताना सही करायची. युनियनच्या कपाटाच्या किल्लीपुढे गेल्या दोन महिन्यांत एकही सही नव्हती.

"वही बघून झाली?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तुम्हाला स्वतःला किल्ली न्यायची असेल तर सही करावी लागते का, मॅडम?"

त्यांनी पेन ठेवलं. मला वाटलं, आता बाहेर काढतील. पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"एकोणीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढली मी, आणि तिथून थेट या खुर्चीवर. पोरं लपवतात तेव्हा कुठे बघतात, ते मला कळतं. तू काही लपवत नाहीयेस. फक्त उद्धट आहेस."

"माझी ताई आहे ती."

"माहीत आहे."

"तिची पांढरी प्रत तुमच्याकडे आली नाही?"

"आली नाही असं मी लेखी दिलंय."

"मी लेखी नाही विचारलं. आली का?"

मेट्रनची नजर दाराकडे गेली, मग खिडकीकडे, मग टेबलावरच्या पेनाकडे. एकोणीस वर्षं पोरांकडून शिकलेलं त्या माझ्यासमोर स्वतःच करत होत्या.

"मी लेखी दिलंय," त्या पुन्हा म्हणाल्या. "आणि एक ऐक. तुमच्या पिवळ्या कागदाला मी हात लावलेला नाही. त्याची गरजच नव्हती मला."

"म्हणजे?"

"म्हणजे तो येणार नाही, असं मला काल संध्याकाळीच सांगण्यात आलं."

"कोणी सांगितलं?"

फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि हाताने मला दार दाखवलं.

४

काल संध्याकाळीच. म्हणजे कागद गेला तो चारनंतर लगेच, आणि गेल्याची बातमी वरपर्यंत पोचलीही होती.

लॅबमध्ये तेवीस नमुने माझी वाट बघत होते. ते लावले आणि मधल्या वेळात फाइल खिडकीशी नेली. पिवळ्या कागदावर बोटांचे ठसे वगैरे शोधायची साधनं आमच्याकडे नाहीत, आणि असती तरी तो कागद निम्म्या हॉस्पिटलने हाताळलेला. मी फक्त बघत राहिले. पेशी बघताना हेच करायचं असतं: आधी काही शोधायचं नाही, नुसतं बघायचं, वेगळं असेल ते आपणच वर येतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ते वर आलं.

दोनशे छत्तीसचा उजवा वरचा कोपरा दुमडून पुन्हा सरळ केलेला होता. दुमड तांदळाच्या दाण्याएवढी. दोनशे एकतीसलाही तशीच. मग दोनशे सव्वीस, दोनशे एकवीस, दोनशे सोळा. त्याच्या खाली, दोनशे बारापासून एकपर्यंत, एकही नाही.

मी वहीत आकडे मांडले. टॅगमध्ये ओवलेल्या फाइलीतून मधला कागद काढायचा तर त्याच्या वरचे सगळे आधी काढावे लागतात. दोनशे चाळीसपासून दोनशे चौदापर्यंत, सत्तावीस कागद. ज्याने कोणी ते काढले, त्याने काढता काढता मोजले होते. वरून पाच मोजून पाचव्याचा कोपरा दुमडला, पुढचे पाच, पुन्हा दुमडला. पाच वेळा पाच, वर दोन सुटे. पुढचा दोनशे तेरा. तिथे मोजणी थांबली.

पण चोर कशाला मोजेल? चोराला घाई असते. मोजतो तो, ज्याला आपण बाहेर काढलेलं सगळं परत आत गेलं की नाही याची खात्री केल्याशिवाय हातच आवरता येत नाही.

आणि असं एका विशिष्ट खात्यातच करतात. मी नमुने सहकाऱ्यावर सोपवले, त्याच्या शिव्या ऐकल्या आणि थिएटरकडे निघाले.

ब्रदर दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात हात धुऊन बाहेर आले. हिरव्या कपड्यांत ते मान सरळ ठेवून उभे असतात. वेगळाच माणूस वाटतो.

"सापडली?"

"ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तुम्ही गॉजचे तुकडे मोजता ना? पोटात एखादा राहू नये म्हणून?"

"मोजतो की. का?"

"पातळ असतात, एकमेकांना चिकटतात. मग गठ्ठा वेगळा कळावा म्हणून काय करता?"

"शेवटच्याचा कोपरा दुमडतो." ते सहज बोलून गेले आणि मग माझ्या काखेतली फाइल त्यांना दिसली.

मी त्यांना दोनशे छत्तीस दाखवला. मग दोनशे एकतीस. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"तुला वाटतं, मी?"

"किल्ली तुमच्याकडे आहे. थिएटरमध्ये तुम्ही आहात. शेवटी कागद पाहिला तोही तुम्हीच."

"अगं, मी तुझ्या ताईबरोबर शिकलोय! तिच्या लग्नात मी..." आवाज चढला तसे ते स्वतःच दचकले. मग काहीतरी आठवल्यासारखे आत गेले आणि गॉजचं एक पाकीट घेऊन आले. फाडलं, आणि ट्रेवर टाकत गेले. बोटं इतकी झपझप चालत होती की मला मोजता येईना. कोपरा दुमडून ते थांबले.

"किती?"

मी मोजले. दहा.

"दहा," ते म्हणाले. "पाकीटच दहाचं येतं. माझी बोटं दहापर्यंत थांबतच नाहीत. मी ती फाइल मोजली असती तर तुला कुठे दुमडलेले दिसले असते?"

"दोनशे एकतीस आणि दोनशे एकवीस. बस."

"मग?"

मला लाज वाटली, पण त्याहून जास्त म्हणजे सुटका वाटली. "मग पाच-पाच कोण मोजतं?"

"आता कोणीच नाही. सहा वर्षांपूर्वीपर्यंत पाचाची पाकिटं यायची. मी तर थिएटरला त्यानंतर आलो. जुन्या सिस्टर्सची सवय म्हणे जाता जात नव्हती. दहाचं पाकीट फोडायच्या आणि मोजायच्या मात्र पाच-पाच."

"त्या जुन्या सिस्टर्स आता कुठे आहेत?"

"तिघी होत्या. एक निवृत्त झाली. एक लेकीकडे राहायला गेली, दुसऱ्या देशात. आणि तिसरीचा गुडघा गेला म्हणून तिला उभ्याची ड्यूटी सोडून खाली बाह्यरुग्णमध्ये..."

त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. मला पाच उभ्या, पाच आडव्या नोटिसा दिसत होत्या.

"काल पाच वाजता मोठ्या साहेबांकडे बैठक होती," ब्रदर अगदी हळू म्हणाले. "नेहमी आम्ही दोघं जातो. काल अक्का म्हणाल्या, तुम्ही दमलात, मी एकटी जाते."

५

बाह्यरुग्ण विभागातली ड्रेसिंगची खोली. सव्वा वाजला होता. अक्का एका माणसाच्या पायाची पट्टी सोडत होत्या आणि त्याच वेळी त्याला दटावत होत्या.

"भिजवू नका म्हटलं होतं ना? मग हे काय?"

"आंघोळ केली, सिस्टर."

"पायाने केलीत? डोक्याने करायची."

माणूस हसत हसत लंगडत गेला. मी दार लावलं. कसं बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून क्रमाने बोलले. सत्तावीस कागद, पाच दुमडलेले कोपरे, दहाचं पाकीट, तिसरी सिस्टर, कालची बैठक. अक्का हात धूत होत्या. नळ बराच वेळ चालू राहिला.

"चिकाटी आहे तुझ्यात," त्या शेवटी म्हणाल्या. "नर्स व्हायला हवी होतीस."

"का, अक्का?"

"त्या कागदात काय लिहिलंय माहीत आहे? नुसतं माणसं कमी आहेत असं नाही. चार नंबरचा कठडा नीट लागत नाही, आजोबा आपले आपण उठतात, माणूस द्या. तुझ्या ताईने आजोबा पडायच्या तीन तास आधी ते पडणार असं लिहून दिलं होतं. तो कागद पुढे आला की आजोबांच्या घरचे कोर्टात जाणार. साहेब म्हणाले, तो कागद आला नाही तर मी सही करतो. आला तर करार विसरा." त्यांनी टॉवेल खुंटीला लावला, सरळ केला, पुन्हा सरळ केला. "अकरा वर्षं, पोरी. चौदा वॉर्ड. रोज दुपारी चौदा ठिकाणी कोणीतरी पडता पडता वाचतं."

"आणि ताई?"

"ताकीद देऊन सोडतो म्हणाले. तोंडी ताकीद. मी शब्द घेतला. ताकीद माझ्या नावावर तीन आहेत. तिने काही कोणी मरत नाही."

"नोंदणी रद्द करायची शिफारस आहे, अक्का."

त्या वळल्या.

"आज सकाळी आठला घरी पत्र आलं. तिने कोणाला दाखवलं नाही. तुमच्या सह्या होईपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली." मी ते वाक्य शब्दाला शब्द म्हणून दाखवलं.

अक्का स्टुलावर बसल्या. बसताना नेहमी त्या टेबलाचा आधार घेतात. आत्ता विसरल्या आणि वेदनेने त्यांचे डोळे मिटले. बाहेर कोणीतरी दार ठोठावलं. त्या "थांबा" म्हणाल्या, तेही इतकं हळू की बाहेर ऐकू गेलं नसणार.

"काल संध्याकाळी शब्द दिला," त्या म्हणाल्या, "आणि सकाळी आठला पत्र पोचलं. म्हणजे शब्द देताना ते टाइप होत होतं."

"कागद कुठे आहे? फाडलात?"

त्यांनी युनिफॉर्मच्या वरच्या खिशातून चौपदरी घडी काढली. पिवळी. मी हात पुढे केला.

"ऑपरेशन संपून मोजणी जुळेपर्यंत थिएटरमधून काही बाहेर फेकत नाहीत," अक्का म्हणाल्या. "घाणेरडा बोळासुद्धा नाही. काल घरी नेऊन गॅस पेटवला होता. हातच पुढे गेला नाही." त्यांनी घडी उघडली नाही, मला दिलीही नाही. पुन्हा खिशात ठेवली. "आत मी जाणार आहे ना तिच्याबरोबर. मीच घेऊन जाईन."

"आणि नाही नेलात तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. या प्रश्नाचा त्यांना राग आला नाही, हे मला जास्त लागलं.

"तर तू आहेसच की," त्या म्हणाल्या.

६

चौकशीत एक युनियनचा प्रतिनिधी आणि एक नातेवाईक चालतो. मी ताईच्या मागे बसले. तिला मी काहीही सांगितलं नव्हतं. दीड तास मी नुसती येरझारा घालत होते. सांगावं तर ती अक्कांना थांबवेल, ही भीती होती.

टेबलापलीकडे मोठे साहेब, नोंदणी मंडळाकडून आलेल्या एक चष्मेवाल्या बाई, आणि बाजूला साक्षीदार म्हणून मेट्रन. साहेबांसमोर दोन फायली. वरची ताईची. खालच्या हिरव्या फाइलीत करार असणार. अक्का त्या हिरव्या फाइलीकडेच बघत होत्या.

साहेबांनी दहा मिनिटं वाचून दाखवलं. निष्काळजीपणा हा शब्द सहा वेळा आला. मग ते म्हणाले, "आगाऊ सूचना दिल्याचा दावा आहे, पण तशी एकही प्रत उपलब्ध नाही. युनियनला काही म्हणायचंय?"

अक्का उठल्या नाहीत. पंखा फिरत होता. एक, दोन, तीन, मी मनात मोजायला लागले. नऊपर्यंत पोचले तेव्हा त्यांचा हात खिशाकडे गेला.

"आहे," त्या म्हणाल्या, आणि घडी टेबलावरून सरकवली. साहेबांकडे नाही, मंडळाच्या बाईंकडे.

बाईंनी ती उलगडली, वाचली, मग मोठ्याने वाचली. दोन वाजून दहा मिनिटं. पेशंट चौतीस, नर्सेस दोन. चार नंबर, कठडा, आजोबा, माणूस द्या. खाली ताईची सही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"मेट्रन, याची पांढरी प्रत तुमच्याकडे यायला हवी."

"मी लेखी दिलंय की..."

"तुम्ही लेखी काय दिलंय ते माझ्यासमोरच आहे. मी आता विचारतेय."

मेट्रनने या वेळी इकडेतिकडे बघितलं नाही. "आली होती," त्या म्हणाल्या. "अडीचला. माणूस नव्हता माझ्याकडे पाठवायला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मागितली, मी दिली."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "आणि ही पिवळी," बाईंनी अक्कांना विचारलं, "इतका वेळ कुठे होती?"

"माझ्या खिशात. काल संध्याकाळी फाइलीतून मीच काढली."

ताईने झटकन मान वळवली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तिची मान एकदम ताठ झालेली दिसली.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. शिफारस मागे. ताई उद्यापासून कामावर. वॉर्डातल्या अपुऱ्या माणसांबद्दल बाई अहवाल देणार. अहवालाला किती महिने लागतील ते कोणी विचारलं नाही. साहेब उठले, दोन्ही फायली उचलल्या. दारात थांबून अक्कांना म्हणाले, "पाच वाजता येण्याची तसदी घेऊ नका."

बाहेरच्या बोळात आम्ही तिघीच राहिलो. मला ताईला मिठी मारायची होती, पण ती माझ्या बाजूला वळलीच नाही.

"मला विचारलं असतंत," ती अक्कांना म्हणाली, "तर मी दिली असती. स्वतःच्या हाताने. चौदा वॉर्डांसाठी दिली असती."

"ठाऊक होतं."

"मग का नाही विचारलंत?"

"म्हणूनच नाही विचारलं," अक्का म्हणाल्या. "तू हो म्हटलं असतंस, आणि मग मला ती जाळावीच लागली असती."

ताई रागावली होती, ते मला तिच्या श्वासावरून कळत होतं. पण कोणत्या गोष्टीवर, कागद चोरल्यावर की परत दिल्यावर, ते मला आजही सांगता येत नाही.

जिन्याखालच्या खोलीबाहेर सकाळपाळी संपवून पन्नास-साठ जणी थांबल्या होत्या. कोणी घरी गेलंच नव्हतं. काहींच्या हातात सकाळच्या नोटिसा होत्या. ताईला बघून दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या, मग मागून कोणीतरी ओरडलं, "अक्का, सह्या लवकर झाल्या वाटतं?"

अक्कांनी ताईकडे बघितलं.

"नाही झाल्या," ताई म्हणाली. टाळ्या थांबल्या. "आणि आता होणारही नाहीत. का, ते आधी अक्का सांगतील, मग मी सांगेन. दोन्ही ऐकल्याशिवाय कोणी काही बोलायचं नाही. या, बसा."

कोणीही बसलं नाही.